हॉलंडचे बटाटे आणि मामाचा दाखला

आईचे माहेर मडगावचे. १९५१ साली लग्न होऊन ती बेळगावला आली तेव्हा माहेर एका गाडीच्या अंतरावर होते. लोंढा, कॅसलरॉक, मग घाट उतरून कुळे, सावर्डे आणि मडगाव. वाटेत देश बदले, एवढेच. कॅसलरॉकला आपली हद्द संपायची आणि घाटाखाली पोर्तुगिजांचे जकातवाले सामान उघडून पाहायचे. "मेले लाडवांच्या डब्यातसुद्धा हात घालायचे," असे आई पुढे कितीतरी वर्षे सांगत असे.

१९५५ साली ही गाडी बंद झाली. मी तेव्हा दोन वर्षांची होते. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. जाण्यायेण्याला परवाना लागू लागला, मालाची ने-आण थांबली. बेळगावच्या बाजारातून गोव्याला जाणारी भाजी, कांदे, बटाटे सगळेच थांबले. आजीचे पत्र कधीतरी येई. त्यातल्या एकात तिने लिहिले होते की, बाजारात आता हॉलंडचे बटाटे येतात, पण त्यांना आपल्या बटाट्यांची चव नाही. आई ते वाचून हसली आणि मग पदराने डोळे पुसत बसली, असे वडील सांगायचे. बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगिजांनी आपल्याला दिलेला. पाव, पगार, चावी, घमेले हेही त्यांचेच. ज्यांच्याकडून शब्द घेतला त्यांच्याच राज्यात आमचा बटाटा जाऊ शकत नव्हता.

दोन देशांचे बिघडले म्हणजे नेमके काय बिघडले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. स्वतंत्र भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९४९ साली सुरू झाले होते. लिस्बनला आपला दूतावासही होता. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने गोव्याच्या भवितव्याबद्दल बोलणी करू या, असे सुचवले. पोर्तुगालचे सर्वेसर्वा सालाझार यांनी ते साफ नाकारले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असे ते म्हणत. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनचा दूतावास बंद केला. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि उरलासुरला संबंधही तुटला.

आमच्या घरापुरते सांगायचे तर १९५८ साली मडगावला आजोबा वारले. आईला ते कळले ते तेराव्यानंतर. घाटातून पायवाटेने आलेल्या एका ओळखीच्या माणसाने दारातच सांगितले. तिने कोणाला दोष दिला नाही. गोवा मुक्त व्हावा असे तिलाही मनापासून वाटत होते. पण बापाचे शेवटचे दर्शन झाले नाही, ही खंत तिने जन्मभर बाळगली.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. पुढे गाड्या सुरू झाल्यावर आई पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. कॅसलरॉकला कोणीच डबा उघडायला आले नाही, म्हणून ती खिडकीतून पुन्हा पुन्हा बाहेर पाहत होती, हे मला अजून आठवते.

गोवा मिळाला तरी पोर्तुगालशी संबंध जुळले नाहीत. लिस्बनच्या सरकारने गोवा भारताचा आहे हे पुढची तेरा वर्षे मान्यच केले नाही. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही उलथली, लोकशाही आली आणि वारे बदलले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. त्यात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि राजनैतिक संबंध पुन्हा सुरू करायचे ठरले. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियु सोआरिश यांनी सही केली आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. गोवा मुक्त झाला तेव्हा शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या माणसाची ती सही होती. आमच्याकडे ती बातमी मामाने मोठ्याने वाचून दाखवली होती.

करार झाला म्हणून लगेच सगळे सुरळीत होत नाही. काही गोष्टींना फार वेळ लागला. डिसेंबर १९६१ मध्ये, सैन्य येण्याआधी, गोव्यातल्या पोर्तुगीज बँकेने लोकांचे गहाण दागिने लिस्बनला हलवले होते. ते परत आले १९९१ साली, तीस वर्षांनी. ज्या बायकांनी बांगड्या, मंगळसूत्रे ठेवली होती त्यांतल्या कित्येक तोपर्यंत हयात नव्हत्या. सुनांनी आणि नातींनी ते दागिने ओळखायचे होते. पुढच्याच वर्षी, १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला, तेच सोआरिश पोर्तुगालचे अध्यक्ष म्हणून दिल्लीत प्रमुख पाहुणे होते. १९९४ मध्ये पणजीत पोर्तुगालची वकिलात उघडली.

आज दोन्ही देशांचा व्यापार वर्षाला एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. भारताच्या एकूण व्यापारात तो लहानच. आपल्याकडून कापड, कपडे, यंत्रे, रसायने जातात. तिकडून यंत्रे, कागदाचा लगदा आणि बाटलीच्या बुचाचे कॉर्क येते. कॉर्क म्हणजे ओकच्या जातीच्या एका झाडाची साल. जगातले जवळजवळ निम्मे कॉर्क एकटा पोर्तुगाल पिकवतो. आपल्या क्रिकेटच्या चेंडूच्या पोटातही कॉर्कच असते.

मालापेक्षा माणसांची गोष्ट मोठी. जानेवारी २०१७ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनिओ कोश्ता भारतात आले. त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. बेंगळुरूच्या प्रवासी भारतीय दिवसाचे ते प्रमुख पाहुणे होते आणि त्याच दौऱ्यात ते मडगावच्या वडिलोपार्जित घरी गेले. तो रस्ता मामाच्या घरापासून पायी दहा मिनिटांचा. मामा काठी टेकत गर्दीत उभा राहून आला. २०२१ च्या मे महिन्यात पोर्तोच्या बैठकीत भारत आणि युरोपीय संघ यांनी रखडलेली व्यापार कराराची बोलणी पुन्हा सुरू करायचे ठरवले, तेव्हा यजमान कोश्ताच होते. डिसेंबर २०२४ पासून ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. २७ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत ही बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हाही ते हजर होते. त्याआधी, एप्रिल २०२५ मध्ये, संबंध पुन्हा जुळल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिस्बनला जाऊन आल्या.

हे सगळे मी आता का लिहिते आहे, ते सांगते. गेल्या गणपतीत मी मडगावला गेले होते. मामा आता शहाऐंशी वर्षांचा आहे. त्याचा नातू इंजिनियर झाला आहे आणि त्याला युरोपात जायचे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे तिथे आपल्या जन्माची नोंद करता येते आणि मग मुलानातवंडांना ते नागरिकत्व मिळू शकते. पण नातवाची नोंद व्हायची तर आधी आजोबांची व्हायला हवी. मामाचा पोर्तुगीज भाषेतला जन्मदाखला आणि त्याची सही, दोन्ही लागतात.

आरती झाल्यावर विषय निघाला.

"एकसष्ट साली तिरंगा चढताना मी रडलो होतो. आता मीच अर्ज करू की मला पोर्तुगीज म्हणा?" मामा म्हणाला.

"आजोबा, तो कागद आहे. तुमचं मन कोण बदलतंय?" नातू म्हणाला.

"कागदच तर असतो. तो पासपोर्ट घेतलास की भारताचा परत करावा लागतो."

मी म्हटले, "मामा, २०२१ साली दोन्ही सरकारांनी कामगारांचा करार केलाय. भारताच्या पासपोर्टवरसुद्धा तिथे नोकरीला जाता येतं."

"आत्या, तसं गेलो तर एका देशात, एका नोकरीला बांधलेला. नागरिक झालो तर सगळं युरोप मोकळं," नातू म्हणाला. त्याचे म्हणणेही खोटे नव्हते.

मामी मधे पडून म्हणाली, आधी जेवा.

रात्री मला झोप लागेना. सारखी आई आठवत होती. दोन देश भांडत होते तेव्हा तिच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. गाडी बंद म्हणजे बंद. या मुलापुढे दोन रस्ते आहेत, आणि ते दोन देश बोलू लागले म्हणून आहेत. निवड करताना घरातले कोणी दुखावेल, हे खरे. पण दारात येऊन तेराव्यानंतर निरोप सांगणारा माणूस आता येणार नाही. दोन राष्ट्रांची मैत्री वाढली की सामान्य घराला याहून जास्त काय हवे असते?

सकाळी मी निघाले तेव्हा मामाने देवघरालगतची पत्र्याची पेटी काढली होती. पिवळा पडलेला दाखला त्याने भिंग लावून वाचला, घडीवर घडी घातली आणि पुन्हा पेटीत ठेवला. पण पेटीला कुलूप लावले नाही.

"मग मामा, काय ठरलं?" मी विचारले.

"पळोवया," मामा म्हणाला.