हापसा आणि बोर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीने बोर मारली. खजिनदार म्हणून चेकवर सही माझीच. पाणी लागले तेव्हा आम्ही पेढेदेखील वाटले! पंधरा दिवसांनी आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई सौ.ना म्हणाल्या, "वहिनी, तुमची बोर लागली अन् आमच्या वस्तीतला हापसा आटला."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसले.

योगायोग असा की, त्याच सुमारास जेम्स बॉइस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचे एक पुस्तक माझ्या हाती आले आणि त्यातही नेमकी कूपनलिकाच निघाली! १९७०च्या दशकाच्या मध्यास बॉइस आणि बेट्सी हार्टमन हे दोघे बांगला देशातील एका खेड्यात जाऊन राहिले होते. त्या भागात जागतिक बँकेच्या पैशाने तीन हजार खोल कूपनलिका बसायच्या होत्या. कागदोपत्री त्या शेतकऱ्यांच्या सहकारी गटांच्या. प्रत्यक्षात त्या गावची कूपनलिका सर्वांत मोठ्या जमीनदाराच्या पदरात पडली. ही हकीकत त्यांनी १९८३ साली पुस्तकरूपाने मांडली.

पुढे बॉइस मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. बंगालची शेती, मार्कोसच्या राजवटीतील फिलिपाइन्स, असे विषय त्यांनी अभ्यासले; पण त्या खेड्यातला धडा काही सुटला नाही. १९९४ साली त्यांनी एक निबंध लिहिला. त्याचे सार असे, की विषमता हेच निसर्गाच्या नासाडीचे एक मोठे कारण आहे. नदी नासते, हवा बिघडते, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत : फायदा कोणाचा? तोटा कोणाचा? आणि फायदेवाले आपला भार दुसऱ्यावर लादू कसे शकतात? तोटा सोसणारा दुबळा असला, की त्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही आणि नासाडी थांबत नाही. २०१७ साली त्यांना होआन मार्टिनेझ-आलिएर यांच्यासह लिओन्टिएफ पुरस्कार मिळाला.

त्यांची एक सूचना मला फार पटली. हवा सर्वांची आहे; मग कोळसा-तेल जाळून ती बिघडवण्याबद्दल शुल्क घ्यावे आणि तो पैसा सर्व नागरिकांना सारखा वाटावा. श्रीमंत माणूस इंधन जास्त जाळतो, म्हणून तो जास्त भरतो. गरिबाच्या हाती भरल्यापेक्षा अधिक परत येते.

हवा सर्वांची, तर मग जमिनीखालचे पाणी कोणाचे?

मंडळी, ते तीन प्रश्न मी आमच्या बोरला लावून पाहिले. पहिल्या दोहोंची उत्तरे तर बाईंनीच दिली होती. तिसऱ्याचे उत्तर चेकबुकावर होते.

दिवाळीनंतर सोसायटीची सभा आहे. बोरला मीटर बसवावा आणि मागच्या कुंपणापाशी वस्तीसाठी एक नळ काढावा, असा ठराव मी लिहून ठेवला आहे. "खजिनदारपद जाईल हं," असे शेजारी म्हणतात. जाईना का! सूचक म्हणून मी सही केली आहे. अनुमोदकाची जागा तेवढी अजून रिकामी आहे.