हप्त्याच्या पोटातलं मुद्दल

यवतमाळ जिल्ह्यात वणीकडच्या एखाद्या गावात शेजारी शेजारी दोन घरं असतात. एका घरातला मुलगा वेकोलि या सरकारी कंपनीच्या कोळसा खाणीत नोकरीला. गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याला त्याच्या पगारातून कापला जातो. दुसऱ्या घराचं वर्ष कापसावर चालतं. मृगात पेरणी, दिवाळीच्या आसपास वेचणी, मग जिनिंगला गाडी, आणि हातात पैसा आला की वर्षातून एकदा ट्रॅक्टरचा हप्ता. एकाचे वर्षाला बारा हप्ते, दुसऱ्याचा एक. तरी दोघांच्या कर्जाच्या कागदावर कोडं एकच आहे. हप्त्याचा आकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलत नाही.

हे वाटतं तितकं साधं नाही. कर्ज दर हप्त्याला घटतं, म्हणजे व्याजही दर वेळी घटतं. घटत जाणाऱ्या रकमेवर न बदलणारा हप्ता भरत राहायचं आणि ठरलेल्या शेवटच्या तारखेला बाकी नेमकी शून्य व्हायची. एक आकडा थोडा चुकला तर शेवटी काही हजार उरतील किंवा जास्त भरले जातील. मग हा आकडा पहिल्याच दिवशी कसा सापडतो?

हाताने करता येईल असं उदाहरण घेऊ. कर्ज 1,00,000 रुपये, व्याज वर्षाला 10 टक्के, पाच वार्षिक हप्ते. बँक सांगते, हप्ता 26,380 रुपये. आता प्रत्येक हप्ता फोडून बघू. आधी उरलेल्या कर्जावरचं व्याज वळतं करायचं. जे उरेल ते मुद्दलात जमा.

पहिलं वर्ष: व्याज 10,000, मुद्दल 16,380, बाकी 83,620.
दुसरं वर्ष: व्याज 8,362, मुद्दल 18,018, बाकी 65,602.
तिसरं वर्ष: व्याज 6,560, मुद्दल 19,820, बाकी 45,782.
चौथं वर्ष: व्याज 4,578, मुद्दल 21,802, बाकी 23,980.
पाचवं वर्ष: व्याज 2,398, मुद्दल 23,980, बाकी शून्य.

शेवटी आकडे पूर्णांकात घेतल्यामुळे दोन रुपयांचा फरक पडतो, तो सोडून द्या. आता फक्त मुद्दलाचे आकडे वरून खाली वाचा: 16,380, 18,018, 19,820, 21,802. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बरोबर 10 टक्क्यांनी मोठा आहे. तिसरा दुसऱ्यापेक्षा 10 टक्क्यांनी. पुढेही तसंच. कर्जाचा दर 10 टक्के, आणि फेडीचा वेगही त्याच दराने वाढतोय!

हा योगायोग नाही. पहिल्या वर्षी 16,380 रुपये मुद्दल फिटलं, म्हणून दुसऱ्या वर्षी तेवढ्या रकमेचं व्याज, म्हणजे 1,638 रुपये, लागलंच नाही. हप्ता तोच असल्यामुळे वाचलेले 1,638 आपोआप मुद्दलात गेले. 16,380 अधिक 1,638 बरोबर 18,018. चक्रवाढ फक्त सावकाराच्या बाजूने चालते असा आपला समज असतो. हप्ता सुरू झाला की तीच चक्रवाढ कर्जदाराच्या बाजूनेही राबायला लागते.

हे एकदा दिसलं की हप्ता काढायचं सूत्र पाठ करावं लागत नाही. पहिल्या वर्षी एक रुपया मुद्दल फिटलं असं समजा. पुढच्या वर्षांत 1.10, 1.21, 1.331 आणि 1.4641 रुपये फिटतील. पाचांची बेरीज 6.1051. आपल्याला फेडायचेत एक लाख, म्हणून लाखाला 6.1051 ने भागा: 16,380. त्यात पहिल्या वर्षाचं व्याज 10,000 मिळवा. झाला हप्ता तयार. बँकेच्या संगणकातलं घातांकांनी भरलेलं सूत्र याहून वेगळं काही करत नाही.

मुद्दल आणि व्याज एकमेकांपासून वेगळं काढण्याचा नाद आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त मिश्रव्यवहार नावाचा भागच आहे. त्यातलं एक गणित असं: दर महिन्याला शेकडा पाच व्याजाने वर्षभरानंतर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले, तर दोन्ही वेगळे सांगा. उत्तर 625 मुद्दल, 375 व्याज. युरोपात व्याजाचे तयार तक्ते बराच काळ सावकारी पेढ्यांचं गुपित होते. 1582 मध्ये सायमन स्टेविनने ते छापून खुले केले. आपल्याकडे 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरी, बांधबंदिस्तीसाठीच्या तगाईची, म्हणजे सरकारी कर्जाची, फेड हप्त्यांनी, अगदी वार्षिकीच्या म्हणजे समान हप्त्यांच्या रूपातही, करण्याची सोय ठेवली आणि मुदत साधारण 35 वर्षांपर्यंत नेली. सवाई-दिढीवर, म्हणजे सव्वापट-दीडपट परत करायच्या बोलीवर, धान्य घेणाऱ्या कुणब्याला सुगीला सगळं एकदम परत करावं लागे. तगाई त्याला वर्षांवर पसरता येत होती.

आजही शेतकऱ्याच्या घरात दोन्ही तऱ्हेची कर्जं असतात. सोसायटीचं पीककर्ज एकदम घ्यायचं, एकदम भरायचं, नाहीतर नवंजुनं करायचं. तिथे हप्त्याचं गणित नाही. ट्रॅक्टर, विहीर, पाइपलाइन यांचं मध्यम किंवा दीर्घ मुदतीचं कर्ज मात्र हप्त्यांनी फिटतं.

आता खाणीतल्या मुलाकडे वळू. 10 लाखांचं गृहकर्ज, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता 8,997 रुपये. महिन्याचा दर पाऊण टक्का, म्हणून पहिल्या महिन्याचं व्याज 7,500 आणि मुद्दलात गेले फक्त 1,497. इथेही मुद्दलाचा भाग दर महिन्याला पाऊण टक्क्याने वाढत जातो, पण पाऊण टक्का म्हणजे मुंगीची चाल. हप्त्यात मुद्दल व्याजापेक्षा जास्त व्हायला 149 वा हप्ता उजाडतो. अर्धं कर्ज फिटायला 14 वर्षं लागतात. उरलेलं अर्धं पुढच्या सहा वर्षांत संपतं. शेवटच्या हप्त्यात व्याज असतं फक्त 67 रुपये. ‘दहा वर्षं भरतोय तरी कर्ज हलत नाही’ ही तक्रार त्यामुळे खोटी नसते, आणि बँकेने फसवलं असंही नसतं.

या मुंगीला सुरुवातीलाच धक्का देता येतो. पहिल्या हप्त्याबरोबर 10,000 रुपये जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर ते दहा हजार वीस वर्षं पाऊण टक्क्याने वाढत राहतात आणि शेपटाकडचे जवळपास साडेसहा हप्ते, म्हणजे 58 हजारांच्या आसपास रक्कम, गिळून टाकतात. शेवटच्या वर्षी भरलेल्या दहा हजारांत ही ताकद नसते. व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बंद केला आहे.

पण हे यंत्र उलटंही फिरतं. याच गृहकर्जाचा दर सुरुवातीलाच 10.8 टक्के झाला आणि हप्ता 8,997 च राहिला, तर महिन्याचं व्याज होईल 9,000. हप्ता भरूनही कर्ज तीन रुपयांनी वाढेल. असं होऊ नये, आणि दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला ठरवता यावं, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी बँकांना केली.

यवतमाळसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात तर उलटं फिरायला दर वाढण्याचीही गरज नाही; पाऊस दगा देतो. आपल्या लाखाच्या उदाहरणात पहिल्याच वर्षी हप्ता चुकला आणि व्याज मुद्दलात मिळवलं गेलं, तर कर्ज 1,10,000 होतं. उरलेल्या चार वर्षांत फेडायचं तर हप्ता 26,380 वरून 34,702 वर जातो. चुकलं एक वर्ष, आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या वर्षावर आठ हजारांहून जास्तीचा भार. म्हणून शेतीकर्जाचे नियम वेगळे आहेत. इतर कर्जांवर 1 एप्रिल 2002 पासून व्याज दर महिन्याला आकारलं जाऊ लागलं. शेतीकर्जाच्या व्याज आकारणीला मात्र रिझर्व्ह बँकेने पिकाच्या हंगामाशी जुळणारा लांबचा कालावधी ठेवला, आणि थकीत नसलेल्या येण्यावर व्याजाला व्याज लावू नये असं बंधन घातलं. पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, म्हणजे आणेवारी, 50 पैशांच्या आत आली की मिळणाऱ्या सवलतींत कर्जाचं पुनर्गठन असायचं, त्याचंही कारण हेच: मुद्दलाची मोडलेली माळ नव्या मुदतीवर पुन्हा ओवणं.

आता दुकानातल्या ‘फक्त 12 टक्के’ या पाटीकडे बघा. एक लाखावर तीन वर्षांचं सपाट व्याज 36,000. एकूण 1,36,000 भागिले 36, हप्ता 3,778. यात शेवटच्या महिन्यातही व्याज पूर्ण लाखावर घेतलं जातं, जरी तेव्हा हातात जेमतेम एका हप्त्याचं कर्ज उरलेलं असतं. घटत्या बाकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला 21.2 टक्क्यांच्या घरात जातो.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. कर्ज घेताना परतफेडीचा तक्ता मागून घ्या. त्यातले मुद्दलाचे लागोपाठचे दोन आकडे घ्या आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. वार्षिक हप्त्यांच्या तक्त्यात उत्तर 1.10 आलं तर दर 10 टक्के. मासिक तक्त्यात 1.0075 आलं तर महिन्याला पाऊण, वर्षाला 9. आणि उत्तर नेमकं 1 आलं, हप्ताही तोच आणि व्याजाचा रकाना महिनोन्‌महिने तसाच, तर समजा की तुमची फेड तुमच्यासाठी काहीच कमवत नाहीये. मग सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारा: घटत्या बाकीवर दर किती?