खाणपट्टा आणि मजुराचे पाल

वाशीम जिल्ह्यात सरकारी जमिनीवर काळा दगड फोडणारा मजूर बहुधा खाणीशेजारीच पाल ठोकतो. पट्ट्याची मुदत कागदावर लिहिलेली असते, पण ती पट्टेदाराची. या पालास मुदत कोणती? 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे 48 वे कलम खनिजे सरकारची ठरविते, व 50 वे कलम सरकारी जमिनीवरील अतिक्रमण झटपट काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास देते. ज्याच्या घणावाचून दगड निघत नाही, तो मात्र अतिक्रमक!

खणण्याचा हक्क म्हणजे बिऱ्हाड थाटण्याचा हक्क नव्हे, हे आम्हांस मान्यच आहे. अमेरिकेत 1872 च्या कायद्याने सरकारी जमिनीवर खनिजाचा दावा सांगता येतो. असा दावा खाणकामाखेरीज अन्य कामी लावू नये, असे 1955 साली ठरले. आणि 1996 च्या नियमांन्वये तेथील भू-व्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर 90 दिवसांत 14 दिवसांहून अधिक राहावयाचे तर मुक्काम कामास अवश्य आहे असे दाखवून संमती घ्यावी लागते. नियम कडक खरा, परंतु राहणारास आपली पायरी कळते.

आमच्याकडेही पट्टा देतानाच मजुरांच्या मुक्कामाची जागा, मुदत व पाण्याची सोय पट्टेदाराकडून लिहून घ्यावी. मुदत सरताच पाले हलविण्याचा खर्चही त्यानेच सोसावा. तहशिलीच्या शिपायाने येऊन ती उपटीपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.