कारागिराचा गुडघा आणि बाजारातला पट्टा

व्यापार-उद्योगाच्या पानावर भांडवल, कर्ज, माल आणि बाजारभाव यांची चर्चा नेहमीच होते. पण आपल्या बहुसंख्य कारागिरांचे घर ज्या भांडवलावर चालते ते बँकेत नसते. ते हात, डोळे, कंबर आणि गुडघे यांत असते. यंत्र बिघडले तर मिस्त्री येतो, सुटा भाग मिळतो. गुडघा बिघडला तर मात्र दोन-चार महिने दुखणे अंगावर काढले जाते, मग तेल-मालीश होते, आणि शेवटी कोणी तरी सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून एक पट्टा आणला जातो. तो चार दिवस घातला जातो आणि मग खुंटीला लटकतो. पैसे वाया जातात ते जातातच. पण "पट्टा घालूनही गुण नाही" असे म्हणून माणूस उपचारच सोडून देतो, हे नुकसान त्याहून मोठे आहे.

म्हणून या लेखात आम्ही गुडघ्याच्या पट्ट्याविषयी लिहिणार आहोत. सांगायचे मुख्य ते आधीच सांगतो. पट्टा हे औषध नव्हे, हत्यार आहे. कानस वेगळी आणि छिन्नी वेगळी, हे कारागिराला शिकवावे लागत नाही. पट्ट्याचेही तसेच आहे. आपले काम कोणते आणि दुखणे कोणते, हे पाहूनच तो घ्यावा.

धंदा तसा गुडघा

सांगली जिल्ह्यातील मिरज शहराचेच उदाहरण घ्या. सितार आणि तानपुरे घडवणारी येथील शिकलगार घराणी दीडशे वर्षांहून अधिक काळ हे काम करीत आली आहेत. २०२४ साली मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये जमिनीवर बसून घडतात. भोपळा कापणे, दांडी जोडणे, कोरीव काम, पॉलिश, तारा चढवणे, जवारी लावणे ही कामे मांडी घालून किंवा एक पाय दुमडून तासन्‌तास चालतात. खुर्चीवर बसताना गुडघा सुमारे नव्वद अंशांत वाकतो. मांडी घालताना किंवा उकिडवे बसताना तो त्याच्या कितीतरी पुढे जातो. गुडघ्याच्या वाटीमागचा दाब त्या वेळी वाढतो, आणि उठताना सारे वजन एकदम त्याच जागी येते.

आता इतर धंदे पाहा. पिंजारी गादी भरताना आणि टाके घालताना उकिडवा किंवा गुडघ्यांवर बसतो. मण्यार आणि तांबोळी दिवसभर दुकानाच्या गादीवर मांडी घालून असतात. बागवान पहाटे बाजारात फळांचे क्रेट उचलतो आणि नंतर दिवसभर उभा असतो. सांगलीच्या हळद-गुळाच्या पेठेतला हमाल पाठीवर पोते घेऊन चढ-उतार करतो. सातारा-कराड रस्त्यावरच्या गॅरेजमधला मेकॅनिक दिवसातून अनेकदा बसतो-उठतो, आणि फरशी बसवणारा गवंडी थेट गुडघे टेकून काम करतो. या सर्वांना एकच पट्टा चालेल असे मानणे चुकीचे आहे. फरशीवाल्याला तर पट्ट्याआधी गुडघ्याखाली घ्यायची जाड गादी हवी. कठीण जमिनीवर सतत टेकल्याने वाटीच्या पुढची पातळ पिशवी सुजते, आणि ती सूज वरून पट्टा आवळल्याने जात नाही.

पट्ट्यांचे प्रकार

बाजारात नावे पुष्कळ असली तरी मुख्य प्रकार पाच आहेत.

पहिला, साधा ताणाचा पट्टा म्हणजे नी कॅप. हा मोज्यासारखा ओढून चढवतात. याने ऊब मिळते, थोडा दाब राहतो आणि गुडघ्याला आधार वाटतो. सुरुवातीची झीज, किरकोळ मुरगळ, दिवसभर उभे राहून होणारे दुखणे यांना हा पुरेसा ठरू शकतो. मात्र सैल झालेला सांधा तो धरून ठेवू शकत नाही.

दुसरा, वाटीच्या जागी गोल भोक आणि भोवती कडी असलेला पट्टा. जिना चढता-उतरताना किंवा बसून उठताना ज्यांना वाटीच्या मागे दुखते, त्यांच्यासाठी हा असतो.

तिसरा, दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला पट्टा. मोटारसायकलवरून पडून किंवा पाय पिरगळून लिगामेंटला इजा झाली, चालताना गुडघा "निसटतो" असे वाटते, तेव्हा डॉक्टर हा सुचवतात. बिजागरी गुडघ्याला पुढे-मागे हलू देते, पण बाजूला झुकू देत नाही.

चौथा, मांडीपासून पोटरीपर्यंतचा लांब, ताठ पट्टा. यात गुडघा वाकतच नाही. हा ताज्या दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर ठरावीक दिवसांसाठी असतो. शेजाऱ्याचा उरलेला आहे म्हणून तो आपल्या पायाला बांधू नये. गुडघा विनाकारण बांधून ठेवला तर सांधा आखडतो आणि मांडीचे स्नायू बारीक होतात.

पाचवा, भार हलवणारा पट्टा. आपल्याकडे झीज बहुधा गुडघ्याच्या आतल्या बाजूला अधिक होते आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. हा पट्टा तीन ठिकाणी दाब देऊन वजनाचा काही भाग कमी झिजलेल्या बाजूवर नेतो. तो महाग असतो, मापाने बसवावा लागतो, आणि क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू झिजल्या असतील तर त्याचा उपयोग थोडा.

माप घेतल्याशिवाय माल नको

शिंपी अंगावर टेप लावल्याशिवाय कापड कापत नाही. पट्टा मात्र आपण "मोठा द्या" म्हणून घेतो. खोक्यावर मापाचा तक्ता छापलेला असतो. काही कंपन्या वाटीच्या मध्यावरचा घेर विचारतात, काही वाटीच्या वर आणि खाली ठरावीक अंतरावरचा. तक्त्यात जेथे सांगितले असेल तेथेच टेप लावावी. दोन्ही पाय मोजावेत, कारण सुजलेला पाय आणि चांगला पाय यांत फरक असतो. माप दोन आकारांच्या मध्ये आले तर दुकानात दोन्ही घालून पाहावेत.

पट्टा घालून दहा-पंधरा मिनिटे चालावे, चार पायऱ्या चढाव्यात, बसावे, उठावे. तो खाली घसरला तर सैल आहे. पाऊल थंड पडले, बोटे निळसर झाली, मुंग्या आल्या किंवा पट्ट्याखाली पोटरी फुगली तर घट्ट आहे. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पट्टा काचतो आहे हे कळतही नाही. त्यांनी रोज पट्टा काढून कातडी डोळ्यांनी पाहावी.

बसणारांसाठी वेगळा विचार

पट्टे बनवणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसणारा आणि चालणारा माणूस असतो. मांडी घातली की पट्ट्याचे कापड गुडघ्यामागे गोळा होते, काचते आणि रक्ताच्या वाटेवर दाब येतो. म्हणून जमिनीवर बसून काम करणाराने बैठकीला बसताना पट्टा सैल करावा किंवा काढावा; उठून चालायचे, ओझे उचलायचे, जिना चढायचा तेव्हा घालावा.

आपल्याच देशात याचा एक धडा आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाय तयार केला. परदेशी धाटणीचा पाय घालून येथल्या माणसाला उकिडवे बसता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती, शेतात अनवाणी चालता येत नव्हते. जयपूर पायाने ते शक्य केले. साधन माणसाच्या बसण्या-उठण्याला जुळले पाहिजे, ही गोष्ट तेथे एका कारागिराच्या हाताने सिद्ध झाली.

आपणही एवढे करू शकतो. बसण्याची जागा वीतभर उंच करावी. पाट, घट्ट भरलेली गादी किंवा ठेंगणा चौरंग घेतला तरी गुडघा कमी वाकतो. पाऊण तासाने एकदा उठून पाय सरळ करावा. उठताना हाताने टेकू घ्यावा. मेकॅनिकने उकिडवे बसण्याऐवजी चाकांचे ठेंगणे स्टूल वापरावे. याला खर्च थोडा आणि लाभ पट्ट्यापेक्षा अधिक.

नमाजीलाही हाच प्रश्न पडतो. सजद्याला जाताना आणि बैठकीत गुडघा पूर्ण दुमडतो, तेव्हा जाड किंवा बिजागरीचा पट्टा आड येतो. तो नमाजापुरता काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. ज्याला खरोखर शक्य नाही त्याला बसून नमाज अदा करण्याची सवलत आहेच. तिचा तपशील आलिमांकडून समजून घ्यावा. वेदना दडपून गुडघा आणखी बिघडवू नये.

पट्ट्याकडून किती अपेक्षा ठेवावी

याबाबत जाणकारांतही एकमत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी पट्ट्याची जोरदार शिफारस केली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सांगितले की पट्टा सरसकट देऊ नये. सांधा अस्थिर असेल किंवा भार वाकडा पडत असेल, पट्ट्याशिवाय व्यायाम जमत नसेल, आणि त्याने हालचाल सुधारण्याची शक्यता असेल, तरच द्यावा. व्यायाम आणि वजन कमी करणे यांवर मात्र दोघांचेही एकमत आहे.

झिजलेली कूर्चा पट्ट्याने भरून येत नाही. तो दुखणे थोडे कमी करून माणसाला हलते ठेवतो, आणि त्या हालचालीतून मांडीचे स्नायू बळकट करायचे असतात. उताणे झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, खाली आणावा. असे दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. वजनाचा हिशेबही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले की एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

काठीचीही लाज वाटू नये. महाबळेश्वरच्या बाजारात पर्यटक हौसेने काठी विकत घेतात. ज्याला खरी गरज आहे तो मात्र टाळतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सरळ उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

पट्टा नको, डॉक्टर हवा

काही लक्षणे दिसली तर औषधाच्या दुकानाऐवजी दवाखाना गाठावा. पडल्यानंतर पायावर वजनच देता येत नाही; गुडघा अडकला आहे, सरळ होत नाही; इजेनंतर काही तासांतच गुडघा टम्म फुगला; गुडघा लाल, गरम आहे आणि तापही आहे; पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली. यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवावे. सकाळी तासाहून अधिक वेळ सांधे आखडलेले राहतात आणि हाताची बोटेही सुजतात, असे असेल तर ती साधी झीज नसून दुसऱ्या जातीचा संधिवात असू शकतो. त्यावर वेळीच औषध लागते.

या बाबतीत आपले जिल्हे नशीबवान आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन इस्पितळ उभारले, तेव्हापासून हे शहर दवाखान्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडजवळ मलकापूरचे कृष्णा रुग्णालय येथे अस्थिरोगाचे विभाग आहेत. एकदा तपासून, कोणता पट्टा आणि किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. लेबल नसलेल्या "रामबाण" पुड्यांच्या नादी लागू नये.

खरेदी आणि निगा

वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, माप आणि छापील किंमत आहे ना, हे पाहावे. बिल अवश्य घ्यावे. अशा अस्थिरोग साधनांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला, तेव्हा बिलातला दर वाचावा. माप चुकल्यास बदलून मिळेल काय, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

घरी आल्यावर पट्टा सौम्य साबणाने हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. उन्हात रबर कडक होते. चिकटपट्टीत लाकडाचा भुसा किंवा कापूस भरला की ती धरत नाही, म्हणून जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावी. कातडीवर पुरळ उठले तर वापर थांबवावा. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर झोपताना पट्टा काढून ठेवावा. ताण गेलेला पट्टा म्हणजे धार गेलेले हत्यार; तो बदलावा.

शेवटी दुकानमालक आणि कारखानदार बांधवांना एक विनंती. तुमच्याकडचा जुना कारागीर लंगडू लागला तर त्याला सुट्टी देऊन मोकळे होऊ नका. त्याला उंच बैठक द्या, मधून मधून उठण्याची मुभा द्या, एकदा अस्थिरोग विभागात पाठवा. वीस वर्षांत हाताला आलेले कसब दुसऱ्या माणसाला वीस दिवसांत शिकवता येत नाही, हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?