चार किलोची रजई, बावीस किलोचं भाडं

परभणीच्या पिंजाऱ्याकडून नवी रुई भरून घेतलेली जाडजूड रजई काट्यावर ठेवली तर भरते चार किलो. तीच गुंडाळी करून, पोत्यात शिवून पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवायला कुरिअरवाल्याकडे नेली, की तो काट्याकडे नंतर बघतो, आधी टेप काढतो. लांबी 90 सेंटीमीटर, रुंदी 35, उंची 35. तिन्ही आकडे गुणायचे आणि 5000 नं भागायचं. उत्तर येतं 22.05. भाडं लागतं बावीस किलोंच्या वर! रजईत कापूस चार किलोच आहे, बाकी अठरा किलो नुसती हवा. त्या हवेचे पैसे विक्रेत्याच्या खिशातून जातात.

ऑनलाइन विक्रीत मोठ्या पार्सलचं गणित नेमकं इथे फसतं. माल चांगला, फोटो छान, ऑर्डरही येते आणि नफा भाड्यात विरघळून जातो. म्हणून मोठ्या खोक्यांच्या दुनियेतल्या या काही गमतीच्या, पण खिशाशी थेट नातं असलेल्या गोष्टी.

किलोमागे पाच लिटर

कुरिअरच्या भाषेत याला ‘व्हॉल्युमेट्रिक वेट’ म्हणतात. खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यांत जे जास्त त्याचं बिल. 5000 घनसेंटीमीटर म्हणजे बरोबर पाच लिटर. तेव्हा असं धरा, की प्रत्येक किलोच्या भाड्यात तुम्हाला तेलाच्या पाच लिटरच्या कॅनएवढी जागा मिळते. दहा किलोंचा माल 50 लिटरच्या खोक्यात मावला तर जागेचा वेगळा भुर्दंड नाही. खोकं 80 लिटरचं झालं, की बिल सोळा किलोंचं.

याच हिशेबातून एक सोपी कसोटी निघते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बांधलेलं पार्सल पाण्याच्या पाचव्या हिश्शाहून हलकं असेल, तर भाडं जागेचं लागणार; जड असेल तर वजनाचं. ज्वारी, गूळ, तेल हा सगळा माल वजनाच्या बाजूचा. 15 किलो तेलाचा चौकोनी डबा साधारण वीस लिटर जागा घेतो, म्हणजे आकारमानाने जेमतेम चार किलो. त्याचं बिल पंधरा किलोंचंच होणार, कितीही घट्ट बांधला तरी. रजया, उशा, बुरडाच्या टोपल्या, चिवडा हा माल मात्र जागेच्या बाजूचा. तिथे बांधणीतच कमाई आहे.

भागाकाराचा आकडा सगळीकडे 5000 नसतो. विमानाच्या मालवाहतुकीत 6000 चं प्रमाण चालतं. ट्रकने सुटे नग नेणाऱ्या काही कंपन्या घनफूट मोजतात आणि प्रत्येक घनफुटाला सहा, आठ किंवा दहा किलो धरतात. दहाचा दर लागला तर तीच रजई जवळपास एकोणचाळीस किलोंची होते! समुद्रमार्गे सुटा माल पाठवताना एक घनमीटर म्हणजे एक टन असा हिशेब. म्हणून नुसतं ‘किलोला किती?’ विचारून भागत नाही, ‘भागाकार कितीने?’ हेही विचारायला हवं.

कापसाच्या गावाला हे ठाऊक आहे

मराठवाड्याला हा धडा कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. मानवत आणि सेलू या कापसाच्या बाजारपेठा. इथल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये वर्षानुवर्षं जे चाललंय, ते आकारमानाचं वजन कमी करण्याचंच काम आहे. गाडीभर कापूस आला की आधी सरकी वेगळी होते. शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ही रुई मोकळी राहिली तर ट्रक भरतो, पण वजन भरत नाही. म्हणून प्रेसमध्ये दाबून, पट्ट्या आवळून तिची गाठ बांधायची. भारतातली प्रमाण गाठ 170 किलोंची. रुईचा भाव आजही खंडीवर सांगतात आणि खंडी म्हणजे सुमारे 356 किलो, दोन गाठींहून थोडी जास्त.

हीच पद्धत रजईला लावा. घडी घालून, हवा काढणाऱ्या पिशवीत दाबून तिचं माप 60 बाय 45 बाय 12 सेंटीमीटरवर आणलं तर आकारमानाचं वजन येतं 6.48 किलो. बावीसवरून साडेसहा! गिऱ्हाइकाला सोबत एक चिठ्ठी द्यायची: ‘उघडून दोन दिवस उन्हात टाका, पूर्ववत फुगेल.’ मराठवाड्याचं ऊन रुई कशी फुलवतं हे आपल्याला माहीत आहे, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या गिऱ्हाइकाला ते सांगावं लागतं. मात्र दाबलेली रुई महिनोन् महिने गोदामात पडू देऊ नये. ऑर्डर आल्यावरच दाबावी.

टोपल्यांना दाबता येत नाही, पण एकात एक बसवता येतात. उतरत्या मापाच्या पाच टोपल्या सुट्या पाठवल्या तर पाच खोकी. संच करून विकल्या तर एकच, सर्वांत मोठ्या टोपलीएवढं. माझं स्पष्ट मत आहे, की टोपल्या-सुपं विकणाऱ्या बचत गटांनी सुटा नग विकण्यापेक्षा संचच विकावा.

जुन्या काळी इथल्या मालाला आणखी एक भाडं पडायचं. मनमाड–सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातला लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला तो मीटर गेजचा, आणि मनमाडवरून मुंबईला जाणारी लाइन ब्रॉडगेजची. गाठी, पोती मनमाडला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावी लागत. हमाली दोनदा. परभणीकडचा मार्ग रुंद झाला तो नव्वदच्या दशकात.

पाच सेंटीमीटरची किंमत

45 सेंटीमीटरचं चौकोनी खोकं: 18.2 किलो. तेच प्रत्येक बाजूने पाच सेंटीमीटर कमी करून 40 चं केलं तर 12.8 किलो. बोटाच्या दोन-तीन पेरांनी जवळपास साडेपाच किलोंचं भाडं वाचलं. उलटही तितकंच खरं: खोक्याच्या तिन्ही बाजू दुप्पट केल्या तर बिल दुप्पट होत नाही, आठपट होतं. 30 सेंटीमीटरचं खोकं 5.4 किलोंचं, 60 चं थेट 43.2 किलोंचं.

सतरंजी किंवा चटईची गोल गुंडाळी चौकोनी खोकं धरूनच मोजली जाते. गोल वस्तू त्या खोक्याची साधारण 78 टक्के जागा भरते, बाकी कोपरे रिकामे आणि त्यांचंही भाडं. घडी बसत असेल तर गुंडाळी टाळावी. फुगलेल्या खोक्याचं मापही जिथे सर्वांत जास्त फुगलंय तिथे घेतात. तेव्हा माल कोंबून पुठ्ठा वाकवण्यात काहीच बचत नाही.

विटा पोस्टाने, मुलगीही पोस्टाने!

भाड्याचं कोष्टक नीट वाचलं तर काय होतं, याचा सर्वांत भन्नाट दाखला अमेरिकेतला. तिथे पार्सल पोस्ट सुरू झालं 1 जानेवारी 1913 ला. युटा राज्यातल्या व्हर्नल या आडगावी बँकेची इमारत बांधायची होती आणि विटा आणायच्या होत्या सॉल्ट लेक सिटीहून. मालवाहतुकीचं भाडं विटांच्या किमतीहून भारी. पोस्टाची मर्यादा मात्र एका पार्सलला 50 पौंड. मग 1916 मध्ये विटांची छोटी छोटी पार्सलं बांधली आणि सुमारे 80,000 विटा टपालाने मागवल्या! पोस्ट खात्याने घाईघाईने दिवसाची मर्यादा घातली, पण तोवर बँक उभी राहत होती. ती इमारत अजून आहे.

त्याच पोस्टाने सुरुवातीच्या काळात चक्क लहान मुलंही ‘पाठवली’ गेली. 1914 मध्ये आयडाहोतल्या एका पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कोटाला 53 सेंटची तिकिटं लावून तिला रेल्वेच्या टपाल डब्यातून आजीकडे पोचवलं, कारण प्रवासी तिकीट महाग पडत होतं. पुढे यावर बंदी आली.

पिनकोडमागचा मराठी माणूस

आज कुठल्याही ॲपवर भाडं काढायचं तर आधी दोन पिनकोड टाकावे लागतात, एक आपला, एक गिऱ्हाइकाचा. त्यावरून अंतराचा पट्टा ठरतो. हे सहा आकडे भारताला दिले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिनकोड लागू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. परभणी शहराचा 431401 हा आकडा उलगडला तर पहिला 4 पश्चिम विभागाचा, 431 पर्यंत टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे.

आणि ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही नवी चीज आहे असं समजू नका. पोस्टाची व्ही. पी. सेवा भारतात 1877 पासून आहे: पैसे मोजा, पार्सल घ्या. कितीतरी मराठी घरांत पुस्तकं अशीच आली. तेव्हाही पार्सल नाकारलं की ते परत यायचं आणि आजही येतं. मोठ्या खोक्याचं मात्र परतीचं भाडंही मोठंच. जागा जास्त खाणाऱ्या मालाला आगाऊ पैसे घ्यावेत, निदान भाड्यापुरते तरी.

खरोखर जड असेल तर

स्पीड पोस्टची मर्यादा एका नगाला 35 किलो. देशभरात सुमारे 1 लाख 64 हजार पोस्ट ऑफिसं आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत, त्यामुळे पालम-सोनपेठच्या आतल्या गावातून पाठवणाऱ्याला पोस्टाचा दर आधी पाहणं केव्हाही चांगलं. 35 किलोंहून जड मालाला ट्रान्सपोर्ट. तिथे बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडतानाच ठरवून घ्या: भाडं आपण भरणार की ‘टू पे’, म्हणजे गिऱ्हाईक भरणार? घरपोच की गोडाऊन डिलिव्हरी? हमाली कुणाची? गिऱ्हाईक तिसऱ्या मजल्यावर राहतं हे नंतर कळलं, की वाद ठरलेला.

परभणी आणि पूर्णा ही जंक्शनं असल्याने रेल्वे पार्सलही हाताशी आहे. फक्त तिथेही मापाचा नियम आहे: 100 बाय 100 बाय 70 सेंटीमीटरहून मोठा किंवा 100 किलोंहून जड नग ‘अवजड’ धरतात आणि दर दुप्पट होतो. एक मोठा नग करण्यापेक्षा दोन मध्यम केलेले बरे.

कुरिअरच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी बसतो, हे दर काढताना हमखास राहून जातं. परराज्यात 50 हजारांवरचा माल गेला तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख. छोट्या विक्रेत्यांसाठी एक दिलासाही आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढालीच्या मर्यादेत असलेल्यांना जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यात ऑनलाइन संकेतस्थळांवरून माल विकता येतो. राज्यातलं भाडंही सहसा कमीच. सुरुवात पुणे-मुंबई-नागपूरच्या गिऱ्हाइकांपासून करावी, असं मी म्हणेन.

परदेशातल्या मराठी घरांना फराळ पाठवणाऱ्यांसाठी एक युक्ती: चिवडा जागा खातो, लाडू वजन खातात. दोन्ही एकाच खोक्यात घाला. किलोमागे पाच लिटरचं प्रमाण जुळलं, की हवेचंही भाडं नाही आणि वजनाची जागाही वाया नाही. अमेरिकेला पाठवणार असाल तर 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी 29 ऑगस्ट 2025 ला संपली आहे. शुल्क किती आणि ते कोण भरणार, हे ऑर्डर घेण्याआधी ठरवा.

आता एक कराच. विकायच्या प्रत्येक वस्तूचं बांधणीनंतरचं खोकं आजच मोजा: लांबी, रुंदी, उंची, वजन. टेप लावलेला आणि काट्यावर ठेवलेला, असे दोन फोटो काढून ठेवा. कुरिअरने जास्त माप लावलं तर दिलेल्या मुदतीत तक्रार करायला तेच पुरावे कामाला येतात. आणि वस्तूची किंमत त्यानंतरच लिहा.