फुकटच्या कॉलचं बिल कोण भरतं? मोबाइल कंपन्या आणि इंटरनेट कंपन्यांच्या भांडणाची गोष्ट

जुम्याच्या दिवशी मालेगावातले लूम बंद असतात. एरवी गल्लीगल्लीतून येणारा खडखडाट थांबतो. नमाज आणि जेवण आटोपलं की घराघरांत मोबाइल बाहेर निघतात. भिवंडीत दिलेली मुलगी, पुण्यात शिकणारा भाचा, दुबईत नोकरीला असलेले मामू, उमऱ्याला गेलेले दादा-दादी, सगळ्यांची खबरबात घेतली जाते. हे बोलणं आता बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर होतं. 'फोन नको, व्हॉट्सॲप कर', हे वाक्य आपल्या घरात दिवसातून एकदा तरी ऐकू येतंच.

कारण सरळ आहे. व्हॉट्सॲपचा कॉल फुकट पडतो, अशी आपली समजूत. पण हा कॉल ज्या टॉवरवरून आणि ज्या केबलमधून जातो, तिचा खर्च कुणीतरी करतंच. तो कुणी करायचा, यावरून मोबाइल कंपन्या आणि इंटरनेट कंपन्या यांच्यात गेली दहा-बारा वर्षं भांडण सुरू आहे. त्याचा निकाल आपल्या रिचार्जवर लागतो, म्हणून ते समजून घ्यायला हवं.

मिनिटांवर चालणारा धंदा

चाळिशी ओलांडलेल्यांना पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ आठवत असतील. काचेच्या खोलीत उभं राहून बोलायचं आणि नजर मात्र वरच्या लाल आकड्यांवर. जितकं अंतर लांब, तितका मिनिटाचा दर जास्त. रात्री अकरानंतर दर कमी व्हायचा, म्हणून बूथबाहेर रांग लागायची. सुताचा भाव विचारायचा असो की बाहेरगावच्या व्यापाऱ्याला माल निघाल्याचं कळवायचं असो, दोन वाक्यांत काम उरकावं लागे. परदेशी फोन तर त्याहून महाग. आयएसडी सेवेत विदेश संचार निगम या सरकारी कंपनीची मक्तेदारी होती, ती 2002 च्या एप्रिलमध्ये संपली.

मोबाइल आला तो 1995 साली. 31 जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडत, ते 2003 मध्ये बंद झाले. 1 मार्च 2006 पासून बीएसएनएलने देशभरात कुठेही एक रुपयात एक मिनिट अशी योजना आणली आणि अंतराचा हिशेब मागे पडला. तरी धंदा मिनिटांचाच राहिला. तुम्ही जितकं बोलाल तितकी कंपनीची कमाई.

इंटरनेटचा कॉल वेगळा कसा?

जुन्या पद्धतीचा फोन म्हणजे एका गाठीसाठी अख्खा टेम्पो भाड्याने घेण्यासारखा. तुम्ही बोलत असेपर्यंत ती लाइन फक्त तुमची. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडकलेलीच, आणि भाडं चालूच.

इंटरनेटचा कॉल म्हणजे ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून माल पाठवणं. तुमचा आवाज बारीक बारीक तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लागतो. त्याच ट्रकमधून दुसऱ्या कुणाचा फोटो, तिसऱ्याचा व्हिडिओ आणि चौथ्याचं बँकेचं कामही जात असतं. पलीकडे पोहोचल्यावर तुकडे पुन्हा ओळीने जोडले जातात. हे सगळं सेकंदाच्या छोट्या भागात होतं. रस्त्यावर गर्दी झाली की काही तुकडे उशिरा पोहोचतात. मग आवाज तुटतो आणि आपण 'हॅलो, हॅलो' करत बसतो.

या पद्धतीत अंतराला किंमत नाही. नयापुऱ्यातून कॅम्पात बोला नाहीतर मक्केत बोला, डेटा सारखाच लागतो. साध्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला एक एमबीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ज्या कंपनीचा टॉवर आहे, तिला मात्र त्या कॉलचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

भांडण कुठून सुरू झालं?

पहिला फटका बसला तो एसएमएसला. ईद, दिवाळी, नववर्ष अशा दिवशी कंपन्या सवलतीचे एसएमएस पॅक लागू ठेवत नसत. त्याला 'ब्लॅकआउट डे' म्हणत. ईद मुबारकच्या प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे कापले जायचे. 2009 मध्ये सुरू झालेलं व्हॉट्सॲप आपल्याकडे पसरलं आणि ही कमाई आटली. 2015 मध्ये व्हॉट्सॲपने आवाजाचे कॉल सगळ्यांसाठी खुले केले, नोव्हेंबर 2016 मध्ये व्हिडिओ कॉलही आला.

कंपन्यांना हे झोंबणारच होतं. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा डेटा दर जाहीर केला. लोक इतके भडकले की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. मार्च 2015 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, अशा ॲपवर नियम हवेत का, असं लोकांना विचारलं. उत्तरादाखल दहा लाखांपेक्षा जास्त ईमेल आले. इंटरनेटवर भेदभाव नको, ही त्यातली मुख्य मागणी.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. मोबाइल कंपन्या म्हणतात, आम्ही हजारो कोटींचं स्पेक्ट्रम घेतो, टॉवर उभारतो, उत्पन्नाच्या आठ टक्के परवाना शुल्क सरकारला देतो. प्रत्येक ग्राहकाची ओळख तपासणं आम्हाला बंधनकारक आहे. ॲपवाले आमच्याच रस्त्यावर धंदा करतात आणि यातलं काहीच त्यांना लागू नाही. सेवा एकच असेल तर नियमही एकच हवेत.

इंटरनेट कंपन्यांचं उत्तर असं की, रस्त्याचे पैसे ग्राहकाने डेटा पॅक घेताना आधीच भरलेले आहेत. एकाच मालाची हमाली दोनदा कशी घेणार? आणि लोक डेटा विकत घेतात तो आमच्या ॲपसाठीच.

फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने एक नियम पक्का केला: कोणतं ॲप वापरता हे बघून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. यातच फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही मोफत योजनाही अडकली. म्हणजे नियमाचा दांडा दोन्ही बाजूंना बसला. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व मान्य केलं, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मालाला सारखाच रस्ता. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रायने सांगितलं की, अशा ॲपसाठी तूर्त वेगळ्या नियमांची गरज नाही.

फोनच इंटरनेट झाला

या सगळ्यात खरी उलथापालथ केली ती एका मोबाइल कंपनीनेच. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ सुरू झालं आणि आवाजाचा कॉल कायम मोफत असल्याचं सांगितलं. तिचं जाळं तेव्हा फक्त फोर-जीचं होतं. म्हणजे तिचा 'साधा' कॉलही इंटरनेटच्याच पद्धतीने तुकडे होऊन जातो. फरक इतकाच की कंपनी त्या तुकड्यांना रस्ता मोकळा करून देते, म्हणून आवाज कमी तुटतो. पुढे बाकीच्यांनाही अमर्याद कॉल द्यावे लागले. किमतींच्या या लढाईत छोट्या कंपन्या बुडाल्या, व्होडाफोन आणि आयडिया 2018 मध्ये एक झाल्या.

मग 2020 मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये 43,574 कोटी रुपये गुंतवले, गुगलने 33,737 कोटी. काल भांडणारे आज भागीदार झाले.

आता मोबाइल कंपनी मिनिटं विकत नाही, डेटाचा महिना विकते. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 239 वरून 299 रुपयांवर गेला. घरात पाच मोबाइल असतील तर हिशेब करून बघा. कॉल फुकट झाला नाही, त्याचं बिल रिचार्जमध्ये जाऊन बसलं.

आखातात चित्र वेगळं

दुबईतले मामू व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवतात, पण कॉल लागत नाही, हा अनुभव कोकणापासून मालेगावपर्यंत अनेक घरांचा आहे. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट कॉलला परवाना लागतो. तिथल्या दोन दूरसंचार कंपन्यांनी 2018 च्या सुरुवातीला 'बोटिम'सारख्या ॲपसाठी महिना 50 दिरहमचा पॅक आणला. सौदी अरेबियाने सप्टेंबर 2017 मध्ये नियम पाळणाऱ्या ॲपवरची बंदी उठवली, पण व्हॉट्सॲप कॉल तेव्हा बंदच राहिला. आपल्याकडे हे भांडण मोबाइल कंपन्यांनी पूर्णपणे जिंकलं असतं तर काय झालं असतं, याची ही झलक आहे.

घरात काय ध्यानात ठेवायचं?

पहिली गोष्ट, तातडीच्या वेळी व्हॉट्सॲप कामाचं नाही. पोलिस, अँब्युलन्स, अग्निशमन यांसाठीचा 112 क्रमांक साध्या कॉलवरूनच लागतो. हे मुलांना आणि घरातल्या बुजुर्गांना सांगून ठेवा.

दुसरी, इंटरनेट बंद झालं की ॲपही बंद. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत आणि जून 2023 मध्ये कोल्हापुरात तणावामुळे इंटरनेट थांबवलं गेलं, तेव्हा लोकांना आधार साध्या कॉलचाच होता. म्हणून जवळच्या चार-पाच माणसांचे नंबर फोनमध्ये असले तरी एका कागदावरही लिहून ठेवा.

तिसरी, ज्यांना डेटा लागतच नाही, त्यांना डेटाचे पैसे का पडावेत? डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. असे पॅक आता मिळतात, मात्र ॲपवर ते ठळक दिसत नाहीत. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या दादा-नानींसाठी दुकानदाराकडे हाच पॅक मागा.

चौथी, आखातात गेलेले अनेक जण व्हॉट्सॲप भारतीय नंबरवरच चालवतात. 28 नोव्हेंबर 2025 रोजी दूरसंचार विभागाने अशा ॲप कंपन्यांना निर्देश दिले की, ज्या नंबरवर खातं आहे तो सिम फोनमध्ये चालू असला पाहिजे. ऑनलाइन फसवणूक रोखणं हा त्यामागचा हेतू. तेव्हा भारतीय सिमचं रिचार्ज संपू देऊ नका आणि सिम इथल्या कपाटात ठेवून जाऊ नका.

आणि शेवटची. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर पोलिसांचा गणवेश घालून कुणी 'डिजिटल अटक' करतो म्हणाला, तर कॉल कापा. असा कोणताही कायदा नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर साधा फोन लावा.

बूथच्या लाल आकड्यांकडे बघत आपण एकेकाळी बोलणं आवरतं घेत होतो. आता बोलण्यावर मीटर नाही, ही मोठी नेमत आहे. पण पुढचं रिचार्ज करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला नेमकं काय लागतं, हे एकदा विचारून घ्या. मीटर आता तिथे आहे.