मोजणारं कुणी नसताना

मूलपेशींचं प्रत्यारोपण म्हटलं की डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येतं. प्रत्यक्षात खाटेशेजारी रक्ताची असते तशी एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यातल्या पेशी शिरेवाटे शरीरात उतरतात. त्याआधी तीव्र केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा जवळजवळ रिकामी केलेली असते. नव्या पेशींना हाडांपर्यंत कुणी नेऊन सोडत नाही. मज्जेतून पाझरणाऱ्या रसायनाचा माग काढत त्या आपल्या आपण तिथे पोचतात आणि रुजतात.

मग वॉर्डात रोज सकाळी एकच प्रश्न असतो: काउंट आले का? एका मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की पेशी रुजल्या असं मानतात. बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात एरवी निरुपद्रवी असलेला जंतूही जिवावर बेतू शकतो.

ही वाट काही दिवसांनी कमी करणारं इंजेक्शन म्हणजे जी-सीएसएफ. त्याचा उगम मेलबर्नमधला. १९६० च्या दशकात रे ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ यांनी उंदराच्या मज्जेतल्या पेशी आगार (agar) नावाच्या जेलीत वाढवून पाहिल्या. नुसत्या ठेवल्या तर त्या मरत. शेजारी ठरावीक ऊती असल्या की वसाहती करून वाढत. म्हणजे 'वाढा' असा निरोप बाहेरून येत होता! तो निरोप नेणारे रेणू शरीरात इतके अत्यल्प, की ते शुद्ध करण्यात जवळपास दोन दशकं गेली. त्यांतलाच एक म्हणजे जी-सीएसएफ. १९८६ मध्ये मानवी जी-सीएसएफचं जनुक हाती आलं, जिवाणूंकडून हे प्रथिन बनवून घेता आलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आज हेच औषध दात्यालाही चार-पाच दिवस देतात. मज्जेतल्या मूलपेशींची पकड त्यामुळे सुटते, त्या रक्तात येतात आणि हातातल्या शिरेतून गोळा करता येतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो शरीराचा हिशेब. न्यूट्रोफिल स्वतःच जी-सीएसएफ शोषून संपवतात. पेशी कमी असतील तर निरोप रक्तात रेंगाळतो आणि मज्जा जोराने कामाला लागते. पेशी वाढल्या की निरोप आपोआप विरतो. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेटचं तंत्रही असंच. त्यांना वाढवणारं थ्रॉम्बोपोएटिन यकृत बऱ्याच अंशी एकाच गतीने बनवत राहतं, प्लेटलेट ते टिपून घेतात आणि उरेल तेवढंच मज्जेपर्यंत जातं. दोन्हीकडे मोजणारं कुणीच नाही. मोजल्या जाणाऱ्या पेशीच मोजणीचं काम करतात.

जी-सीएसएफचा निरोप मुख्यतः न्यूट्रोफिलांपुरता आहे. प्लेटलेट त्याने लवकर येत नाहीत. म्हणून पांढऱ्या पेशी वर आल्यावरही अनेक रुग्णांना प्लेटलेटच्या पिशव्या द्याव्या लागतात, आणि रक्तपेढीत त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यांच्यासाठी दाते सतत लागतात.